मुठीतला पदर

अंगणवाडीच्या ओट्यावर आपण त्या पोरीच्या हातातली पट्टी हिसकावली, हे मला दोन आठवड्यांनी घरी भाकरी थापताना कळलं.

पोर म्हणजे आमच्या गावची नवी आशाताई. वय तेवीस. दहा महिन्यांच्या बाळाचा दंड मोजत होती. पट्टी कोपराकडे सरकली होती. "अगं, खांदा आन कोपराच्या मधोमध!" म्हणत मी पट्टी घेतली, मोजलं, आकडा सांगितला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढं हिरवा. बाळ पिवळ्यात होतं. त्याला काय भरवायचं, तेही मीच त्याच्या आईला सांगून टाकलं. सगळं बरोबर होतं. फक्त आशाताई भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच. पुढचे दोन आठवडे ती मला न सांगता घरभेटींना जात होती.

आक्कानं माझ्या बाबतीत असं कधीच केलं नव्हतं.

1988 साली मी लग्न होऊन जामखेड तालुक्यातल्या या गावात आले, दहावी नापास. आक्का तेव्हा गावची आरोग्य कार्यकर्ती होती. तिला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. पण जुलाब झालेल्या पोराची टाळू बघून पाणी किती कमी झालंय ते सांगायची. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि आधी स्वतः चाखायचं. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर वतून द्यायचं." मापाचा चमचा नसलेल्या घरातही ही परीक्षा चालायची.

हे ती जामखेडला आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात शिकली. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. ते आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. नेवाशाकडच्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की बरे होऊन गेलेले लोक त्याच आजारानं परत येतात. 1970 साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांतली 176 वर्षाच्या आत जात, असं प्रकल्पाची नोंद सांगते. आधी शिकलेल्या नर्स खेड्यात ठेवून बघितल्या, ते जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जात, शिकत आणि गावात येऊन करत. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आक्काला त्याचं एवढंच माहीत होतं, की "डाक्टर लांब कुठं तरी जाऊन आले."

आक्काचं घर खालच्या आळीत. सासूबाई तिला ओसरीच्या आत येऊ देत नसत. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या रात्री पाऊस होता, गाडी मिळेना. त्या रात्री सासूबाईंनीच कंदील धरून तिला माजघरात आणलं. सकाळी तिला चहा दिला तो कपबशीतून. ती कपबशी नंतर वेगळी ठेवली नाही, एवढं मला आठवतं.

दोन वर्षांनी मी तिच्या मागे फिरायला लागले. पहिल्यांदा नाळ कापायची वेळ आली तेव्हा आक्का म्हणाली, "तू काप." नवं पातं, उकळलेला दोरा, सगळं समोर मांडलेलं. माझे हात लटलटत होते. मागे वळून बघितलं तर आक्का दोन्ही हात पाठीशी घेऊन उभी, पदराचं टोक मुठीत गच्च.

नंतर विचारलं, तशी म्हणाली, "हात मोकळं असलं की पुढं येत्यात. मेबल मॅडमनी माझ्या हातात पातं दिलं, तवा त्यांचंबी हात शिवशिवलं असत्याल की."

आक्का माळकरी. डॉक्टर ख्रिस्ती. तिची माळ गळ्यातच राहिली, ती काढ असं तिला कुणी म्हटलं नाही. पण जामखेडला ऐकलेली एक गोष्ट तिच्या मनात बसली होती. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती. "आपल्यात चेला गुरूचं पाय धुतो. हितं गुरूच खाली बसला," ती सांगायची. "आन वर माझं पाय धुवा म्हटला न्हाई. एकमेकांचं धुवा म्हटला."

1999 साली डॉ. मेबल गेल्या. आक्का जामखेडला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले, तरी मला म्हणाली, "चल, मळ्यातल्या वस्तीवर जायाचं. तितल्या दोघींना शिकवायला घेऊ." मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी तरी ती घरी बसेल.

आक्का गेली तेव्हा मात्र मी बसले. तिचा फोटो मोठा करून घेतला. दरवर्षी हार घालत राहिले. बोलावलं की बाळंतिणीकडे जायचे, सल्ला द्यायचे, लोक मान द्यायचे. एवढ्या वर्षांत शिकवलं मात्र कुणालाच नाही. कामाचा व्याप आहे, असं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे "तुम्हाला विचारल्याशिवाय होत नाही बघा" हे ऐकायची चटक लागली होती.

भाकरी करपली. ती तव्यावरून काढली आणि तशीच आशाताईच्या घरी गेले. माफी मागायची आम्हाला सवय नाही. मी तिला आक्काच्या पदराची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काकू, म्होरल्या मंगळवारी वजनाचा दिवस हाय. या."

मंगळवारी मी ओट्यावर तिच्या मागे उभी राहिले. तेच बाळ आलं. तिनं दंडाचा मध्य शोधला, बोटानं खूण केली. पट्टी गुंडाळताना किंचित सैल राहिली. माझ्या तोंडाशी शब्द आला. मी हात मागे घेतले, पदर मुठीत धरला. तिनं स्वतःच पट्टी सोडून परत लावली. पिवळ्यातच, पण हिरव्याच्या जवळ.

मग तिनं पट्टी काढली आणि बाळाच्या आईच्या हातात दिली. "आता तू मोज. पुढच्या वक्ताला मी न्हाई आले, तर?"

हे मला सुचलं नसतं. आईनं पट्टी घेतली, उलटी धरली, सुलटी केली. आशाताई काही बोलली नाही. तिनं ओढणीचं टोक धरलं होतं.