गाडी बंद केल्यावर

परवा ऑफिसमधून आलो, पार्किंगमध्ये गाडी लावली, किल्ली काढली आणि लिफ्टकडे निघालो, तर वॉचमन काका मागून धावत आले. "साहेब, गाडी चालूच राहिली!" म्हटलं, काका, गाडी बंद आहे, फक्त पंखा फिरतोय. त्यांचा काही विश्वास बसला नाही. मग दोघंही बॉनेटसमोर उभे राहून ती घरघर ऐकत बसलो. दीड-दोन मिनिटांनी पंखा आपोआप थांबला. काका म्हणाले, "भारी आहे." मी मात्र मनाने केव्हाच रिद्धपूरला पोचलो होतो.

रिद्धपूर हे माझं आजोळ. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. मराठी घेऊन शिकलेल्यांना हे नाव माहीत असतं, कारण म्हाइंभटांनी 13व्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं ते इथे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. आमच्यासारख्या मेकॅनिकलला जाऊन शेवटी जावा शिकलेल्यांसाठी मात्र रिद्धपूर म्हणजे मामाचं घर, संत्री, आणि मे महिन्यात घरात शिरल्या शिरल्या हातावर ठेवला जाणारा गुळाचा खडा. गूळ खायचा, पाच मिनिटं टेकायचं, मगच पाणी. उन्हातून आल्या आल्या घटाघटा प्यायचं नाही. हा आजीचा कायदा, आणि ती गेल्यावरही तो मोडायची कोणाची हिंमत नाही.

तर झालं असं. मे 2022. मी पुण्याहून अमरावतीला उतरलो, मामा जीप घेऊन न्यायला आले होते. जीप जुनी, माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. चांदूरबाजारला त्यांचं काही काम होतं, ते उरकून आम्ही रिद्धपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. पारा 45च्या आसपास. वऱ्हाडातलं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून कळणार नाही. खिडकी उघडी ठेवली तर कोणीतरी तोंडावर हेअर ड्रायर धरल्यासारखं वाटतं, आणि बंद ठेवली तर विचारूच नका.

गाव पाच-सहा किलोमीटरवर राहिलं असताना बॉनेटमधून वाफ यायला लागली. काटा पार लाल रेघेच्या वर. मामांनी एका संत्र्याच्या बागेशेजारी लिंबाखाली जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं. रेडिएटरचा पाइप चिरला होता. त्यांनी मागून पाण्याची कॅन काढली आणि सरळ इंजिनावर ओतायला निघाले. मी ओरडलो, "मामा, नको! तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं की हेडला तडा जातो." मामा थांबले. माझ्याकडे कौतुकाने बघितलं. भाचा इंजिनियर झाला त्याचा काहीतरी उपयोग दिसत होता.

इथपर्यंत मी बरोबर होतो.

दहाएक मिनिटं आम्ही झाडाखाली बसलो. वाफ थांबली. मामांनी विचारलं, "भाचे, झालं असन का थंडं? खोलू का झाकन?"

मी काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हो मामा, दहा मिनिटं झाली बंद करून. इंजिन बंद आहे म्हणजे नवी उष्णता तयारच होत नाहीये."

इंटर्नल कम्बशन इंजिन्सच्या पेपरात मला 100 पैकी 71 मार्क होते.

मामांनी उपरण्याने धरून झाकण फिरवलं आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या उजव्या हातावर आला, पार कोपरापर्यंत. नशीब, तोंड बाजूला होतं. ते ओरडले नाहीत. नुसते मागे सरकत गेले आणि धुऱ्यावर बसले. बागेतला माणूस धावत आला, त्याने बोअरच्या पाण्याची नळी सोडली, आणि मी वीसेक मिनिटं तो हात पाण्याखाली धरून ठेवला. एक जण टूथपेस्ट लावा म्हणत होता, ती लावू दिली नाही. मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर परत चांदूरबाजार, डॉक्टर, पट्टी. सगळ्या वेळात मामा मला एकच सांगत होते, "बरं झालं, तुया हातावर नाही आलं."

माझं चुकलं कुठे, हे मी रात्री गच्चीवर पडून जुळवत होतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. इंजिन बंद केलं की नवी उष्णता तयार होत नाही. पण जुनी जाते कुठे? चालू इंजिनात पेट्रोल-डिझेल जाळून जी उष्णता मिळते तिचा साधारण तिसरा हिस्साच चाक फिरवायला येतो. तितकाच सायलेन्सरमधून जातो आणि तितकाच पाण्याला घेऊन जावा लागतो. सिलिंडरच्या डोक्याचं लोखंड दोनशे अंशांच्या घरात असतं आणि पाणी नव्वदच्या. किल्ली फिरवली की आग विझते, पण त्याच क्षणी पंप थांबतो, जुन्या गाड्यांमध्ये पट्ट्यावरचा पंखाही थांबतो. पाणी जागच्या जागी उभं, वारा नाही, आणि तापलेलं डोकं आपली धग त्या पाण्यात सोडतच राहतं. म्हणजे बंद केल्यानंतर काही मिनिटं पाणी गार होत नाही, उलट आणखी तापतं. मी मामांना नेमक्या वाईट वेळी 'हो' म्हणालो होतो.

आणि पाणी शंभरला उकळलं तर दिसेल ना, असं वाटतं. तर नाही. रेडिएटरचं झाकण साधारण एक वातावरणाइतका जास्तीचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी 120 अंशांपर्यंत न उकळता गपगुमान राहू शकतं. झाकण उघडलं की दाब गेला, आणि शंभरच्या वरचं सगळं पाणी एकदम वाफ व्हायला निघतं.

मामांनी मामीला सांगितलं होतं, टपरीवर चहा सांडला. दुसऱ्या दिवशी मलाच राहवलं नाही, मी खरं काय ते सांगून टाकलं. मामी भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "अन् गॅस बंद केल्याबरोबर कुकर खोलाचा असते काय?"

तोच दाब, तेच 120 अंश. चार वर्षं आणि आठ सेमिस्टर! असो :)

तेव्हापासून मी या बाबतीत जरा खडूस झालोय. मित्रांबरोबर लांब निघालो आणि काटा वर चढायला लागला की एसी बंद करायला लावतो आणि हीटर पूर्ण सोडतो (हो, मे महिन्यातसुद्धा, हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो), शिव्या खातो. पाणी गळत नसेल तर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ चालू ठेवायची, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतात. गळत असेल किंवा काटा उतरतच नसेल तर मात्र ताबडतोब बंद. आणि झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. वरचा पाइप हाताला कोमट लागेपर्यंत तर नाहीच. नव्या गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटंही लांब.

टर्बोवाल्यांचं आणखी एक. त्यातली चक्की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिचा आस नुसत्या तेलावर तरंगत असतो. हायवेवरून सुसाट येऊन धाब्यासमोर खटकन बंद केली तर तेलाचा पंप थांबतो आणि तिथे अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. आता बऱ्याच गाड्यांत तिथे पाणीही फिरवतात, काहींत त्यासाठी वेगळा विजेचा पंपही असतो, पण मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवायला काय जातंय? रिद्धपूरला तर तेही नको. गावात शिरल्यापासून मामाच्या दारापर्यंत म्हशी आणि बोळ इतके आडवे येतात की गाडी आपोआप शांत होते.

त्या वेळी मी चार दिवसांनी परत निघालो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, मी लहानपणापासून या प्रकाराला लाजत आलोय. त्या दिवशी मी चक्क मागे सरकलो. मामा म्हणाले, "उभा राय," आणि वाकून पट्टी बांधलेलाच हात माझ्या पायाला लावला.

जीप त्यांनी पुढच्या वर्षी विकली. नव्या गाडीचा पंखा अंगणात घरघरतो तेव्हा मामी आतून विचारते, "झाली का बंद?" मामा ओट्यावर बसून गूळ खात असतात. म्हणतात, "झाली, पन आता खोलजो नोको."