तबकडीवरचं नाव

समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी रोलेक्सने 1953 साली एक घड्याळ काढलं, सबमरीनर. काळी तबकडी, अंधारात उजळणारे गोल ठिपके आणि भोवती फिरणारं कडं. पाण्यात उतरण्याआधी कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, म्हणजे खाली किती मिनिटं गेली ते एका नजरेत वाचता येतं. त्या कड्याचं काम एवढंच. पण ते काम इतक्या नेमकेपणाने चेहऱ्यावर उतरलं की ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्यालाही तो चेहरा ओळखीचा वाटतो. रात्रीची जेवणं आटोपली की बडोद्यातल्या माझ्या घरी, खिडकीखालच्या टेबलावर, तोच चेहरा मी सुट्या भागांतून जुळवायला बसतो. केस एकीकडून मागवलेली, काटे दुसरीकडून, काच तिसरीकडून. आतलं मशीन जपानी.

मशीन म्हणजे सेइकोचं एनएच35. हा छंद असलेल्या जगभरच्या माणसांना हे नाव पाठ आहे. सेकंदाला सहा ठोके, तासाला 21,600. आत 24 ज्वेल, म्हणजे जिथे पोलादी टोक सतत फिरतं तिथे बसवलेले कृत्रिम माणकाचे बारीक खडे; त्यांच्यामुळे घर्षण कमी होतं आणि झीज टळते. पूर्ण चावी भरली की साधारण 41 तास चालतं, आणि मनगटावर असलं तर हाताच्या हालचालीने आपलं आपणच भरत राहतं. आधी तबकडीचे दोन पाय मशीनच्या भोकांत अलगद बसवायचे. मग चावी फिरवत राहायचं, तारीख टक् करून बदलेपर्यंत. तो क्षण म्हणजे मध्यरात्र. काटे बाराच्या ठोक्यावर बसवायचे ते तेव्हाच, नाहीतर पुढे ते घड्याळ दुपारी चारला तारीख बदलेल. तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटरचं, मिनिटकाट्याचं 0.9, आणि सेकंदकाट्याचं 0.2. या शेवटच्या काट्यापाशी श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. तो एका बाजूला किंचित कलला तर मिनिटकाट्याला अडतो, आणि जास्त दाबला तर पिन वाकते. वर बडोद्याची धूळ. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसावं लागतं, कारण तबकडीवर बसलेला एक कण काचेखाली कायमचा राहतो आणि दिवसातून दहादा डोळ्यांत खुपतो.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारतात. मला सुंदर वस्तू विकत घेण्यापेक्षा ती कशी सुंदर झाली ते बोटांनी समजून घ्यायला आवडतं. जेराल्ड जेंटाने रेखाटलेलं, ओडमार पिगेचं रॉयल ओक 1972 साली आलं. त्याच्या अष्टकोनी कड्यावर आठ षट्कोनी स्क्रू आहेत. फोटोत ती नुसती नक्षी वाटते. पण त्या धाटणीची केस हातात घेऊन कडं, रबरी रिंग आणि खालचा भाग एकमेकांवर ठेवले की उमगतं, ते स्क्रू कडं आवळून पाणी आत येऊ देत नाहीत. जे लपवायचं तेच त्याने दर्शनी ठेवलं. फोटो पाहून मला हे कधीच कळलं नसतं.

नक्कल करत शिकणं या शहराला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी राजवाड्यासाठी राजा रविवर्म्यांकडून 14 पौराणिक चित्रं काढून घेतली. पण ती राजवाड्याबाहेर घरोघरी पोचली ती छापील रूपात. आपली चित्रं छापून लोकांपर्यंत न्यावीत असं रविवर्म्यांना आधीच सुचवणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचे दिवाण राहिलेले. पुढे 1894 साली मुंबईत छापखाना उभा राहिला, नंतर तो लोणावळ्याजवळ गेला. दादासाहेब फाळक्यांनी त्या छापखान्याचं काम केलं, आणि फाळके काही काळ शिकले ते आमच्या कलाभवनात, 1890 साली त्रिभुवनदास गज्जर यांनी उभ्या केलेल्या. आपल्या आज्यांनी फ्रेम करून देवघरात लावलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं नकलाच होत्या. पण त्या चित्रांच्या कडेला छापखान्याचं नाव असे. आपण मूळ चित्र आहोत असं त्या कागदाने कुणालाही भासवलं नाही, आणि म्हणूनच त्यापुढे हात जोडताना कुणाची फसवणूक झाली नाही.

माझ्या छंदाचा कस नेमका इथे लागतो. सुटे भाग विकणारे तबकडीच्या बाबतीत एक प्रश्न विचारतात: नावासकट हवी की कोरी? नावासकट घेतली तर बाराच्या आकड्याखाली सोनेरी मुकुट येतो, खाली रोलेक्स हा शब्द येतो, आणि काही तासांच्या मेहनतीतून लाखो रुपयांचं दिसणारं घड्याळ तयार होतं. बाजारात त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. लग्नसराईत ओळखीतली मुलं येतात. ‘दादा, मला एक रोलेक्स बनवून द्या ना, मांडवात घालायला.’ मी नाही म्हणतो. त्यांना वाईट वाटतं, मलाही वाटतं, कारण मुलगा चांगला असतो आणि मागणी एका संध्याकाळची असते. पण त्या संध्याकाळी तो घड्याळ घालणार नसतो, ते नाव घालणार असतो, आणि ते नाव त्याचंही नाही, माझंही नाही.

कायदाही आकार आणि नाव या दोन गोष्टींत फरक करतो, आणि मला तो फरक शहाणपणाचा वाटतो. भारतात नोंदवलेल्या डिझाइनला 2000 च्या डिझाइन्स कायद्यानुसार 10 वर्षांचं संरक्षण मिळतं, ते फार तर आणखी 5 वर्षं वाढतं. पुढे तो आकार सगळ्यांचा. नाव आणि चिन्ह मात्र दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत कायम राखता येतं. खोटं व्यापारचिन्ह लावणाऱ्याला 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 103 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. शिक्षेच्या भीतीने मी कोरी तबकडी निवडली असं मात्र नाही. माझ्या घड्याळांत बाराखालची जागा मोकळी असते. पाहणाऱ्याची नजर तिथे क्षणभर अडखळते, मग ती काट्यांकडे, ठिपक्यांकडे, कड्याच्या दात्यांकडे जाते. मला तेच हवं असतं.

तयार फर्स्ट कॉपी मी उघडून पाहिल्या आहेत. बाहेरून तीन छोट्या उपतबकड्या, आत त्यांना जोडलेलं काहीच नाही. काटे नुसते चिकटवलेले. बटणं दाबली की दबतात आणि वर येतात, काही घडत नाही. एवढं सुबक बाहेरचं काम करणाऱ्या कारागिराला आतलं खरं काम करू दिलं असतं तर त्याने ते केलं असतं, असं मला मनापासून वाटतं. त्याच्याकडून फक्त नाव मागितलं गेलं.

परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ हे शब्द हेटाळणीने वापरतात. जुन्या फेव्हर-ल्यूबा, सँडोज, वेस्ट एंड अशा स्विस घड्याळांच्या तबकड्या खरवडून नारिंगी, मोरपंशी रंगांत नव्याने रंगवायच्या, तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचं आणि जुनं अस्सल म्हणून विकायचं, असा तो व्यवसाय. फेव्हर-ल्यूबा भारतात आली 1865 मध्ये, आणि वेस्ट एंडची तर पाळंमुळंच मुंबईत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग दुर्मीळ झाले, आणि दुरुस्ती करणाऱ्यांपाशी एकातून काढून दुसऱ्यात घालण्यावाचून मार्ग उरला नाही. त्या कारागिरांच्या हातांबद्दल मला आदर आहे. ब्रशच्या एका केसाने ‘स्विस मेड’ ही अक्षरं कमानीत लिहिणं सोपं नाही. पण ‘दुरुस्त केलेलं’ एवढे दोन शब्द विक्रीच्या वेळी उच्चारले असते तर हेच काम जगाने कौतुकाने घेतलं असतं.

आता ही लाट एचएमटीपर्यंत आली आहे, याचं मला जास्त दुःख होतं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला सुरू झालेला तो कारखाना; 2016 साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जुन्या घड्याळांची मागणी वाढली आणि एचएमटीच्या ‘जनता’ या मॉडेलच्या नव्याने छापलेल्या तबकड्या बाजारात पसरल्या.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांचं तळमजल्यावरचं घर पाण्याखाली गेलं. लाकडी कपाट फुगलं, कागदपत्रांचा लगदा झाला. खणातली जनता त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणली. 17 ज्वेलचं, चावीचं, सेकंदाला पाच ठोके देणारं साधं मशीन. मी उघडलं तेव्हा आत गाळ होता आणि स्क्रूंना गंज चढलेला. सगळं सुटं केलं, पेट्रोलने धुतलं, अख्खा बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं चाक, दुसऱ्या एका मृत जनतामधून घेतला. मशीन चालू झालं. प्रश्न उरला तबकडीचा. पांढऱ्या पत्र्यावर, सहाच्या आकड्याजवळ, चहाच्या कपाचं बूड उमटावं तसा तपकिरी डाग पडला होता.

मी म्हटलं, “काका, नवं डायल मिळतं. अगदी असंच, देवनागरीत जनता लिहिलेलं. घालू?”

त्यांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. “नको रे. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या केल्या त्या ह्याच्यावर बघून. ते डायल काढलंस तर माझं काय उरलं त्यात? डाग राहू दे.”

डाग राहिला. घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट पुढे जातं, काका रोज सकाळी ते मागे घेतात. माझ्या हातून झालेल्या कामांत मी हे सगळ्यांत वरचं धरतो, आणि त्यात नवीन दिसणारं काहीही नाही.

शहरात मांडवीजवळ घडियाळी पोळ नावाची गल्ली आहे; नावात घड्याळ असलं तरी तिथे आज सोनारांची दुकानं आहेत. चावीच्या घड्याळांचं काम जाणणारे हात शहरात थोडे उरलेत, आणि बहुतेकांचे केस पांढरे झालेत. ज्यांच्याकडे बसून मी चिमटा धरायला शिकलो ते वृद्ध कारागीर गुजरातीतच बोलतात आणि काम हातात असताना बोलतच नाहीत. एकदा मान वर न करता म्हणाले, “हवे आ काम कोण शीखे?” आता हे काम कोण शिकतंय? त्यांचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. छान चालतं.

तुमच्या घरी, कपाटाच्या खणात, वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ पडलेलं असेल तर ते भंगारात देऊ नका. चावी भरल्यावर ते चाललं तरी लगेच रोज वापरायला घेऊ नका. आतलं तेल कधीच सुकलेलं असतं आणि कोरडी टोकं झिजतात. जवळपास जुना घड्याळजी शोधा, आधी सर्व्हिसिंग करून घ्या. तबकडी बदलायची नाही, रंगवायची नाही, हे देतानाच सांगा. बदललेले भाग कागदात बांधून परत मागा. आणि तो बसू देत असेल तर काम संपेपर्यंत त्याच्याजवळ बसा.