घराण्याचा वारसा

आमच्या वडिलांना, आत्यांना व मागाहून थोरल्या दादांना मूत्रपिंडाच्या विकारानें गांठलें, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं तें प्राक्तन मानलें. वस्तुतः तो जनुकाचा दोष. मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी वाढत जातात. आईबापांपैकीं एकास हा विकार असला कीं प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा. त्याचें मुख्य जनुक सोळाव्या गुणसूत्रावर असून १९९४ सालीं तें सांपडलें.

गेल्या वर्षीं दादांना नवें मूत्रपिंड हवें झालें. अठ्ठावीस वर्षांचा धाकटा आपलें एक देण्यास निघाला. त्याची सोनोग्राफी निर्दोष होती. आम्हांस तेवढें पुरेसें वाटलें. पण डॉक्टर म्हणाले, तिशीच्या आंत गांठी कधीं कधीं दिसत नाहींत. म्हणून प्रथम दादांच्या रक्तांत नेमका दोष शोधला, आणि मग तोच धाकट्याच्या रक्तांत आहे कीं काय तें पाहिलें.

निघाला! त्या रात्रीं कोणत्या मुलासाठीं रडावें तें आईला कळेना. परंतु हें आधीं कळलें नसतें तर दोघेही अंथरुणास खिळले असते. आतां धाकटा नियमानें रक्तदाब मोजतो, मीठ बेतानें खातो. वहिनींचें लोणचें मात्र चोरून घेतोच.

आम्ही मधले. त्यानें हात पुढें केला तेव्हां आम्ही गप्प बसलों होतों. परवां आमचेंही रक्त देऊन आलों.