मावशीचा ग्राफ

'ट्यूमर मार्कर' हा शब्द आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. मला तो कळला मावशीच्या फाइलमुळे. २०२३ मध्ये तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन, केमो झालं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, हा नियम. का, तर "पोरगं इंजिनिअरिंगला आहे, त्याला आकडे कळतात!"

आकडा असतो एस.सी.सी. अँटिजेनचा. हे प्रथिन १९७७ मध्ये जपानच्या काटो आणि तोरिगोए यांनी याच कॅन्सरच्या गाठीतून शोधलं. मिलिलिटरला साधारण १.५ नॅनोग्रॅमच्या आत असलं की नॉर्मल. मावशीचं ट्रीटमेंटआधी ९.४ होतं, नंतर ०.८ वर आलं. मी ग्राफ काढून रूमच्या भिंतीवर चिकटवला. पार्टनरला वाटलं, सेन्सेक्स कोसळला.

मग एकदा आकडा आला २.१. त्या रात्री मेसचं जेवण गेलं नाही. (ते एरवीही जात नाही, पण हे वेगळं.) डॉक्टरांनी मात्र आधी मावशीचे हात बघितले. तिला इसब झाला होता. एस.सी.सी. निरोगी कातडीतही असतं. इसब, सोरायसिस, किडनीचा आजार यांत ते वाढतं. नमुन्यात घाम किंवा थुंकी मिसळली तरी आकडा फुगतो. आपल्या भाषेत, नॉइज! म्हणून एका रीडिंगवर निकाल नाही. त्यांनी तपासलं, महिन्याने पुन्हा रक्त घेतलं. १.२. तो चढतच राहिला असता तर स्कॅन ठरलेला होता, कारण कॅन्सर उलटल्याची चाहूल हा आकडा कधी कधी त्रास सुरू व्हायच्या काही महिने आधीच देतो.

हे ऐकून आई म्हणाली, "मग माझंपण रक्त तपासून घेऊ की एकदाचं."

खरी गोम इथे आहे. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हा आकडा बऱ्याचदा नॉर्मलच असतो. म्हणजे तो रिपोर्ट हातात घेऊन आई निर्धास्त बसणार! मार्कर पाठलागासाठी बरा, शोधण्यासाठी नाही. शोधायला पॅप स्मिअर किंवा एच.पी.व्ही.ची तपासणी लागते. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होते.

पण त्या तपासणीला टेबलावर झोपावं लागतं. दंडातून रक्त देण्याइतकं ते सोपं नाही. आई मला काही बोलत नाही, नुसतं "मला कुठे काय होतंय" म्हणते. शेवटी मावशीने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "अगं अक्का, मला तरी कुठे काय होत होतं?"

आई बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "तिथे बाई डॉक्टर असते का?"

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. मावशी सोबत येणार आहे, मी बाहेर बाकड्यावर.

– टी. ई. (इन्स्ट्रुमेंटेशन)