पिकण्याची वाट पाहू नकोस

ती. अण्णा,


काल ‘मोतीबिंदू अजून पिकला नाहीये, ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू’ म्हणालास आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. म्हणून पत्र. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, हे तूच सांगतोस आणि तरी अंधार पडल्यावर सिंहगड रस्त्यानं स्कूटर काढतोस? चावी आजच वहिनींकडे दे.

पिकू द्यायचं, हे नानांच्या काळी ठीक होतं. तेव्हा अख्खं भिंग काढत, टाके घालत, डोक्याशी वाळूच्या पिशव्या लावून निजवून ठेवत, आणि पुढे जन्मभर तो जाडजूड चष्मा. एवढं सोसायचं तर नजर पुरती अधू होईपर्यंत लोक थांबत. पण हॅरोल्ड रिडले यांनी लंडनला डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं ते १९४९ साली. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घ्यायची चार्ल्स केलमन यांची रीत १९६७ची. आता छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा, टाका बहुधा नाहीच. उलट मोतीबिंदू जितका कडक, तितका फोडायला जोर जास्त. त्यात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. अति पिकला तर दाब चढून डोळाच जातो. आत्याचं विसरलास?

मला राग येतो तो याचाच. आपल्याकडची शिकलेली माणसंसुद्धा घरच्यांना त्रास नको म्हणून चाचपडत जिने उतरतात, पेपर वाचायचं सोडतात आणि त्याला सोशीकपणा म्हणतात. पाय घसरून खुबा मोडला की मग धावाधाव कुणाची? वहिनींचीच ना?

तू विचारलंस एवढंच, की दुखतं का. नाही दुखत. बहुतेकदा नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करतात. तू जागाच असशील. लखलखीत उजेड दिसेल, पाणी ओघळल्यासारखं वाटेल. खोकला आला तर आधी सांगायचं, डोकं हलवायचं नाही. सगळं सुरळीत असेल तर त्याच दिवशी घरी.

मला काळजी तुझ्या गोळ्यांची आहे. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नकोस. आणि लघवीसाठी टॅमसुलोसिन घेतोस, ते न लाजता डॉक्टरांना सांग. टॅमसुलोसिनमुळे बाहुली ऐनवेळी आकसते. आधी कळलं तर ते तयारीत राहतात. साखर आटोक्यात हवी. न्हाणं आदल्या दिवशी उरकून घे, नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊन चालत नाही.

भिंगाच्या किमती ऐकून बिचकू नकोस. साध्या भिंगानंही लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो इतकंच. पुणे अंधजन मंडळाचं देसाई नेत्र रुग्णालय महंमदवाडीला आहे, तिथे आधी दाखवू.

नंतरचे थेंब काही आठवडे, वेळच्या वेळी. डोळा चोळायचा नाही. दुखायला लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा मंदावली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, मला उठव. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बुधवारी सकाळी रिक्षा घेऊन येते. तपासताना बाहुली मोठी करतात, स्कूटर नको. जुने कागद आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरून तयार राहा.

तुझी,
शकू