दाढ किती ठेवायची?

सातारा

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला एक्स-रे आणि दाढेचा फोटो नीट पाहिला. खालच्या डाव्या पहिल्या दाढेतल्या जुन्या चांदीच्या फिलिंगच्या कडेखाली थोडी कीड आहे आणि जिभेकडचा एक उंचवटा तुटलाय. पण कीड नसेपर्यंत गेलेली दिसत नाही. गार पाण्याने सणक येते आणि लगेच जाते, असं तू लिहितेस. म्हणजे नस बहुधा धड आहे. कळ बराच वेळ रेंगाळली असती किंवा रात्री झोपेतून उठवत असती, तर मी वेगळं बोलले असते. त्यामुळे थंडाची चाचणीसुद्धा न घेता ‘रूट कॅनॉल करून कॅप बसवू’ असं तुला सांगितलं गेलं, ते मला अजिबात पटलं नाही. दुसरीकडे पुन्हा फिलिंग भरून देतो म्हणाले. एवढा मोठा तुकडा गेल्यावर तेही पुरणार नाही; उरलेली भिंत एक दिवस फुटाण्यावर जाईल.

या दोन्हींच्या मधला उपाय तुला कोणीच सांगितला नाही, म्हणून हे पत्र. दाढेचे उंचवटे शाबूत असतील आणि खड्डा त्यांच्या मधोमध असेल, तर मापाचा तुकडा बाहेर बनवून आत चिकटवतात, तो इनले. एखादा उंचवटा तुटला किंवा कच्चा झाला असेल, तर त्यालाही झाकून घेणारा तो ऑनले. तुला ऑनले लागेल असं मला वाटतं. तोंडात भरलेलं कॉम्पोझिट घट्ट होताना किंचित आकसतं, मोठ्या खड्ड्यात त्याचा ताण कडांवर येतो. बाहेर बनवलेल्या तुकड्याचं तसं होत नाही, आणि शेजारच्या दाढेला तो नेमका टेकवता येतो. जेवताना मेथीच्या काड्या अडकतात म्हणतेस ना, ते त्या टेकण्यावरच अवलंबून असतं.

कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी घासावी लागते. हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताचा जवळपास दोन तृतीयांश भाग त्यात जातो, कधी जास्तच. ऑनलेला त्याहून पुष्कळ कमी. तू तिशीची आहेस. या दाढेला अजून चाळीस-पन्नास वर्षं भाकरी चावायची आहे आणि बसवलेली कुठलीच गोष्ट एवढी वर्षं खात्रीने टिकत नाही. ती कधीतरी बदलावी लागणारच, आणि त्या वेळी खाली दाढ उरलेली असली पाहिजे. डॉक्टर निवडताना माझी पहिली कसोटी हीच आहे: यात माझी किती दाढ जाईल, असं विचार. जो आरसा हातात देऊन किंवा फोटो काढून दाखवेल, त्याच्याकडे थांब.

मशीन पाहून भुलू नकोस. एका बैठकीत ऑनले कोरून बसवण्याची सोय आता पुण्यातही आहे. मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी झुरिकमध्ये 1985 साली पहिला असा सिरॅमिकचा तुकडा रुग्णाच्या दातात बसवला, तेव्हा हे तंत्र काही कालचं नाही. त्याआधी 1907मध्ये टॅगर्टने सोन्याचे इनले मेणाच्या साच्यावरून ओतायची रीत मांडली होती. सोनं असो, सिरॅमिक असो, माप स्कॅनरने घेतलेलं असो की रबराच्या मसाल्याने, खालची दाढ नीट कोरलेली नसेल तर वरचा तुकडा नीट बसत नाही.

खरी परीक्षा चिकटवायच्या दिवशी असते. सिरॅमिकच्या ऑनलेला मुख्य आधार चिकटण्याचा. दाताला अ‍ॅसिड लावायचं, तुकडा आतून वेगळ्या अ‍ॅसिडने खरवडून त्यावर सायलेन लावायचं, मग रेझिन सिमेंट. यात मध्येच लाळ लागली की पकड गेली. हे त्या दिवशी कळत नाही, काही महिन्यांनी तुकडा हातात येतो तेव्हा कळतं. म्हणून ‘चिकटवताना रबर डॅम लावता का?’ हे आधीच विचार. दाताभोवती ताणून बसवायचं ते रबराचं पान 1864पासून वापरात आहे, महागही नाही, पण लावायला वेळ लागतो. माझ्या नारायण पेठेतल्या दवाखान्यात पेशंट कंटाळायचे, तरी मी ते सोडलं नाही. ‘कापूस ठेवला की भागतं’ असं उत्तर आलं, तर दुसरा डॉक्टर बघ.

तुकडा कशाचा, हेही विचार. तुझ्या दाढेला मी लिथियम डायसिलिकेट निवडेन. झिर्कोनिया दणकट आहे, पण ते त्या अ‍ॅसिडने खरवडलं जात नाही, त्याला चिकटवायची रीत वेगळी. मात्र रात्री दात खात असशील तर ते आधी सांग. दातांवर झिजेच्या सपाट खुणा आहेत का, हे चांगला डॉक्टर स्वतःच बघतो.

एमडीएस असलेला, त्यातही कॉन्झर्व्हेटिव्ह किंवा प्रॉस्थो केलेला मिळाला तर बरं. पण मन लावून काम करणारे बीडीएसही मी पाहिलेत. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक तेवढा बघून घे. खर्च सिरॅमिक कॅपच्या आसपास येईल. तो जड वाटला तर धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय तुला जवळच आहे, कॅम्पात रंगूनवाला आहे. तिथे एमडीएस करणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी येतो आणि प्रत्येक टप्पा कोणीतरी तपासतं.

तुकडा बनून येईपर्यंत दाढेत तात्पुरतं सिमेंट असेल, तोवर त्या बाजूने चिक्की खाऊ नकोस, आणि फ्लॉस वर न खेचता बाजूने ओढून काढ. कायमचा तुकडा बसवल्यावर बधिरपणा उतरला आणि चावताना तिथेच आधी टेकतंय असं वाटलं, तर ‘होईल सवय’ म्हणून घरी बसू नकोस. परत जा, निळा कागद चाववून तेवढं घासून घे.

सोमवारी जाशील तेव्हा जुना एक्स-रे बरोबर ने आणि थंडाची चाचणी आधी करायला सांग. नस धड निघाली तर रूट कॅनॉलला होकार देऊ नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी