शक्ती, निपुणता, अभ्यास आणि वीस घोडे

मम्मटाचे काव्यहेतू शिकवताना एम. ए.च्या वर्गात दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन कारणे मम्मटाने सांगितली. पण शक्ती, म्हणजे प्रतिभा, पुरेशी प्रबळ असेल तर उरलेल्या दोहोंची गरज काय? माझे उत्तरही ठरलेले असे. मूळ संस्कृतात ‘हेतु’ हा शब्द एकवचनात आहे. तिन्ही मिळून एकच कारण होते, ती तीन पर्यायी कारणे नव्हेत, असे मी सांगे आणि मुले ते वहीत उतरवून घेत. उत्तर बरोबर होते. मात्र ते मला स्वतःला उमगण्यासाठी २०२३ चा सप्टेंबर उजाडावा लागला, आणि तेही एका विमानाच्या इंजिनापाशी.

माझा मामेभाऊ, आम्हा सर्वांचा दादा, गेली तीस वर्षे कॅलिफोर्नियात असतो. त्याने स्वतःच्या हातांनी विमान बांधले आहे. आरव्ही-६ जातीचे, दोन आसनांचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. अर्धेअधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असेल, तर अशा विमानाला तिथला कायदा उड्डाणाची परवानगी देतो. अट एवढीच की, आत बसणाऱ्याला दिसेल अशा जागी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे. ‘प्रायोगिक’ या शब्दावरून आपल्याकडे नाटकवाल्यांनी किती परिसंवाद झडवले! इथे तो एक साधा इशारा होता. बसणाऱ्याने विचार करून बसावे.

दादाला हौशी शर्यतींचा नाद लागला होता. त्याच्या विमानात लायकमिंग कंपनीचे ओ-३६० इंजिन आहे : चार सिलिंडर, सुमारे ५.९ लिटर क्षमता आणि १८० अश्वशक्ती. एवढ्या अवाढव्य इंजिनातून एवढीच शक्ती, याचे मला नवल वाटले. “प्राध्यापकबाई, हे इंजिन आळशी नाही, संयमी आहे,” दादा म्हणाला. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या गतीने सहा फुटी प्रोपेलरचे टोक सेकंदाला अडीचशे मीटरहून अधिक वेगाने फिरते. ध्वनीचा वेग फार दूर नसतो, आणि त्याच्या जवळ गेले की प्रोपेलर ओढण्यापेक्षा गोंगाटच अधिक करतो. म्हणून फेऱ्या फारशा वाढवता येत नाहीत. मग शक्ती आणायची कुठून?

दादाने मार्ग उलगडून सांगितले. इंजिन हे मुळात हवा ओढणारे यंत्र आहे. जेवढी हवा आत जाईल तेवढे इंधन जाळता येते. हवा आत येण्याच्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या. समोरून येणाऱ्या वाऱ्याचाच रेटा इंजिनात घ्यायचा. ताशी २०० मैलांच्या वेगाला त्यातून वातावरणाच्या दाबाच्या पाचएक टक्के भर पडू शकते. चारही सिलिंडरांच्या धुराड्यांची लांबी जुळवायची. आणि सर्वांत मोहाचा मार्ग म्हणजे उंच माथ्याचे पिस्टन बसवून मिश्रण अधिक दाबायचे. मूळचे साडेआठास एक हे प्रमाण दहास एकवर न्यायचे. जुने मॅग्नेटो ठरलेल्या क्षणीच ठिणगी टाकतात. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवले की तो क्षणही मागेपुढे करता येतो. दादाने हे सारे केले होते. त्याला वीस घोडे हवे होते, १८० चे २०० करायचे होते.

“मग वेग किती वाढला?” मी विचारले. तो जरा ओशाळला. हवेचा विरोध कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शक्ती अकरा टक्के वाढवली, तर वेग साडेतीन टक्केच वाढतो. ताशी २०० मैलांचे २०७. शक्ती दुप्पट केली, तरी वेग सव्वापट होऊन थांबतो. हे गणित त्याला पहिल्यापासून ठाऊक होते.

त्याच्या कामाच्या टेबलावर एक पिस्टन ठेवला होता. त्याची एक कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी कुरतडलेली होती. दोन महिन्यांपूर्वी, जुलैच्या उन्हात, पूर्ण जोरावर उडत असताना तिसऱ्या सिलिंडरचे तापमान झपाट्याने चढू लागले. ठिणगी फार आधी पडत होती, दाब जास्त होता आणि हवा तापलेली होती. अशा वेळी उरलेले मिश्रण ज्योतीची वाट न पाहता आपले आपणच पेट घेते. मोटारीत त्याचे ठोके ऐकू येतात. विमानाच्या गोंगाटात ते ऐकूच येत नाहीत. दिसतो तो फक्त तापमापकाचा काटा. दादाने जोर कमी केला, मिश्रणात इंधन वाढवले आणि जवळच्या धावपट्टीवर उतरला. आणखी दोन-तीन मिनिटे तशीच गेली असती, तर पिस्टनला भोक पडले असते. खाली द्राक्षांचे मळे होते. हे सगळे त्याने मला शांतपणे सांगितले. वहिनी तेवढ्यात चहा घेऊन आल्या, पिस्टनकडे न बघता कप त्याच्या शेजारी ठेवला आणि परत गेल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी तो तिथून हलवला नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आले.

त्यानंतर आम्ही रीनोला गेलो. १९६४ पासून नेवाडातल्या या गावी भरणारी विमानांची राष्ट्रीय शर्यत त्या वर्षी तिथे शेवटचीच होती. पाच हजार फूट उंचीवरचे माळरान, विरळ हवा, आणि जमिनीलगत खांबांना वळसे घालणारी विमाने. दादाला मोठ्या इंजिनांच्या गर्जनेपेक्षा छोट्या ‘फॉर्म्युला वन’ गटात रस होता. या गटात इंजिन सर्वांना सारखेच : मुळात १०० अश्वशक्तीचे, छोटे कॉन्टिनेन्टल. त्यानेच मला ‘नेमेसिस’ची कथा सांगितली. जॉन शार्प यांचे हे विमान १९९० च्या दशकात या गटात पुन्हापुन्हा जिंकले. सारख्या इंजिनांच्या जगात ते शर्यतीत ताशी २४० मैलांपुढे गेले, ते आकाराच्या आणि पृष्ठभागाच्या कमालीच्या नेटकेपणामुळे. “आणि मी पिस्टन जाळत बसलो होतो,” दादा म्हणाला.

शेवटच्या दिवशी, टी-६ गटाची शर्यत संपल्यावर उतरताना दोन विमानांची टक्कर झाली आणि दोन्ही वैमानिक गेले. पुढच्या शर्यती रद्द झाल्या. त्या अपघाताचा वाढीव शक्तीशी काही संबंध नव्हता, आणि मी तो जोडणार नाही. पण हजारो माणसे एकाएकी गप्प झाल्यावर पसरलेली शांतता मी आजवर अनुभवली नव्हती. दादाचा फोन वाजला. “होय, आम्ही बरे आहोत,” एवढेच तो वहिनींना म्हणाला. परतीच्या वाटेवर तो फारसा बोलला नाही.

त्या हिवाळ्यात दादाने मूळ प्रमाणाचे पिस्टन परत बसवले, ठिणगीही ठरलेल्या क्षणावर आणून ठेवली. मग इंजिनाभोवतीच्या पत्र्यांतल्या फटी त्याने एकेक करून बुजवल्या. थंड करण्यासाठी घेतलेली हवा सिलिंडरांना न शिवताच निसटत होती आणि फुकट विरोध करत होती. हवा बाहेर पडण्याचे तोंड लहान केले, चाकांची आवरणे नव्याने जुळवली. प्रत्येक वेळी एकच बदल, त्यानंतर उड्डाण, त्यानंतर वहीत नोंद. वसंतात त्याचा फोन आला : ताशी पाच मैल वाढले, आणि इंजिन पूर्वीपेक्षा थंड चालते. वीस घोडे विकत घेऊन सात मैल मिळणार होते. इथे एकही घोडा न वाढवता पाच मिळाले. “आता शर्यतीत उतरणार का?” मी विचारले. “तुझ्या वहिनीला विचार,” तो म्हणाला. टेबलावरचा पिस्टन आता त्यांनी उचलून माळ्यावर ठेवला आहे, हे मला नंतर कळले.

यंदा वर्गात तोच प्रश्न आला. मी दादाची गोष्ट सांगितली. प्रतिभेला मी कमी लेखत नाही; इंजिनच नसेल, तर फटी बुजवून विमान उडत नाही. पण ती वाढावी म्हणून आपण नुसते तापत राहतो, आणि असलेली शक्ती कुठे गळते आहे, हे पाहायचे राहून जाते. निपुणता म्हणजे ती गळती दिसणे, आणि अभ्यास म्हणजे एका वेळी एकच फट बुजवणे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, पण त्यांनी पिस्टन जाळलाच नसता, तर त्यांना हे कळले असते का?”

याचे उत्तर मम्मटात नाही, आणि माझ्याकडेही नाही. प्रश्न मात्र मी वहीत उतरवून घेतला आहे.